सात नंबरचा हरभरा

निर्मलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या अंगणात भाताची झोडणी चालली होती. फोन त्यांच्या यजमानांचा, काकांचा होता. "वैशाली, निर्मला गेली," एवढंच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुमचं भात कापून झालं का?" "झालं," मी म्हटलं. नंतर लक्षात आलं, की गेली सात-आठ वर्षं या दिवसांत त्यांच्या घरात हाच प्रश्न रोज विचारला जात असणार, आणि त्या क्षणी काकांच्या तोंडून सवयीने तोच निघाला. मी घरात जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांना मी आईच म्हणते. हातातला पेंढा खाली ठेवून आई ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "जमिनीत ओल हाय तवर पेरून घ्यायला पायजे. ती असती तर हेच बोलली असती..."

निर्मलाताई मूळच्या मराठवाड्यातल्या. सगळी नोकरी तिकडच्याच एका कडधान्य संशोधन केंद्रात झाली. काका इकडे तारापूरच्या वीज प्रकल्पात. त्यामुळे संसार असा सुट्टीसुट्टीतच झालेला. निवृत्तीनंतर त्या बोईसरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात कंटाळल्या. सकाळी फिरायला म्हणून निघायच्या ते थेट आमच्या पाम गावापर्यंत यायच्या. आमचं शेत रस्त्याला लागून. एके दिवशी मी कामावर जायच्या घाईत होते, तर बाहेर आईंचा आवाज चढलेला. जाऊन बघते तो कापलेल्या भाताच्या धसकटांत एक उंच, चष्मेवाल्या बाई उकिडव्या बसलेल्या, मूठभर माती घेऊन दाबून बघतायत.

"जमीन इकायची नाय आमाला!" आई बांधावरून ओरडत होत्या. त्यांचंही चुकलं नव्हतं. आमच्या भागात अनोळखी माणूस शेतात उभा दिसला, की तो दलालच असतो.

"विकत नको हो मावशी. नुसती बघतेय."

"बगायची ती बांधावरनं बगा."

त्या बाई हसत उठल्या, बांधावर आल्या आणि हातातला मातीचा गोळा आईंसमोर धरला. "हे बघा, दाबला तर फुटत नाही. भात कापून इतके दिवस झाले तरी एवढी ओल आहे. या ओलीवर तुम्ही काय घेता?"

"थोडा वाल लावतो घरापुरता. बाकी गुरां चरतात."

"मला एक पट्टा द्याल? हरभरा, मसूर, वाटाणा लावून बघते. वेगवेगळे वाण. इथं कुठला जगतो ते बघायचंय."

"आन् पानी कुठनं देनार?"

"देणारच नाही," निर्मलाताई म्हणाल्या. "पाणी दिल्यावर काय, सगळेच जगतात."

या उत्तरावर आई पहिल्यांदा हसल्या. पट्टा मिळाला.

तेव्हा मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते. नमुने, नोंदी, पुन्हा नमुने हे माझं रोजचं काम. त्यामुळे असेल, पण त्यांचं काम मला लगेच कळलं आणि रविवारची मी त्यांच्या हाताखाली जायला लागले. ओळखीच्या केंद्रांतून त्यांनी बियाणं मागवलं होतं. एकेक वाण तीन-तीन जागी लावायचा, म्हणजे एका कोपऱ्यात माती चांगली लागली म्हणून कुणाची चैन व्हायला नको. वाणाचं नाव कुठेच लिहायचं नाही, खुंटीवर फक्त नंबर. "नाव कळलं की डोळे लबाडी करतात," त्या म्हणायच्या. बी रात्रभर भिजवून सावलीत सुकवायचं आणि मग पेरायचं, हेही त्यांनीच शिकवलं. तेवढ्यानं कोंब लवकर फुटतो आणि ओल खाली जायच्या आत मूळ तिला गाठतं.

पण खरी अडचण बियाण्याची नव्हती, गुरांची होती. भात निघालं की आमच्याकडे गुरं मोकळी सोडायची पद्धत. हिरवं दिसलं की ती आलीच. निर्मलाताईंनी कुंपणाच्या जाळीची चौकशी सुरू केली, तर आई म्हणाल्या, "जाळी नको. मी बोलते." आणि खरंच त्या घरोघर गेल्या. काय बोलल्या ते आम्हाला सांगितलं नाही, पण परत येताना काखेत जुन्या साड्यांचं गाठोडं होतं. बायकांनी गुरं बांधायचं कबूल केलं होतं आणि वर कुंपणाला साड्याही दिल्या होत्या. त्या हिवाळ्यात आमच्या शेताभोवती लाल, पोपटी, जांभळ्या साड्या वाऱ्यावर फडफडत असायच्या. रिक्षातून जाणारे कामगार वाकून विचारायचे, "यहाँ शादी है क्या?"

पहिल्या वर्षी वाटाण्याने दगा दिला. सुरुवातीला सगळ्यांत देखणा तोच होता. पण आमच्याकडची थंडी ती काय, आणि समुद्रकाठच्या चिंचणीकडून येणारा दमट वारा... फुलं धरता धरता पानांवर पिठासारखी भुरी चढली. निर्मलाताईंनी एक पान बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाल्या, "याचं हे गाव नव्हे." मसूर तगला, पण वीतभरच वाढला. तो कापायला बसलो तेव्हा आई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मसूर कापायचा म्हंजे एकेका झाडाला नमस्कार घालायचा." यावर निर्मलाताई इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुढे त्यांनी कुठल्याशा बैठकीत मसुराविषयी बोलताना हेच वाक्य आईंचं म्हणून सांगितलं होतं.

राहिला हरभरा. त्यात सात नंबर सगळ्यांच्या नजरेत भरला. टपोरे घाटे, पसरट झाड, दाणा सोन्यासारखा. दुसऱ्या वर्षी त्यांनी आजूबाजूच्या गावांतल्या बायकांना शेत बघायला बोलावलं. प्रत्येकीच्या हातात मूठभर चिंचोके दिले आणि आवडेल त्या वाफ्यापुढे ठेवायला सांगितले. सात नंबरपुढे ढीग झाला. तीन नंबर म्हणून एक बारीक, काळपट दाण्याचा हरभरा होता, त्याच्यापुढे कुणी फिरकलंसुद्धा नाही. आईंनी तर त्याच दिवशी चिंचणीच्या आपल्या बहिणीला शब्द देऊन टाकला, "पुढच्या सालाला तुला या साताचं बी देते."

त्या वाणांत एक निर्मलाताईंचा स्वतःचा आहे, हे मला एकदा चहा पिताना कळलं होतं. त्यांच्या वडिलांच्या शेतातला गावरान हरभरा घेऊन, त्याचा कोरडवाहू वाणाशी संकर करून त्यांनी तो तयार केला होता. वर्षानुवर्षं निवड करत तो सुधारत नेला, आणि मग बदली झाली, विषय बदलला, तो वाण कपाटात पडून राहिला. "कोणता आहे?" मी विचारलं. "ते नाही सांगणार. तू मग त्याच्याकडे प्रेमाने बघशील." त्यांनी सांगितलं नाही, तरी मी ओळखलं. बाकीच्या वाफ्यांत त्या रमायच्या, झाडांशी बोलायच्या. सात नंबरपाशी मात्र मोजमाप घ्यायच्या आणि लगेच पुढे जायच्या, परक्याच्या दारात उभं राहावं तशा.

तिसऱ्या वर्षी भात कापून झाल्यावर अवकाळी पाऊस आला. मग ऊन तापलं. एका रविवारी गेलो तर सात नंबरची झाडं मान टाकून उभी. पानं हिरवीच होती, पण झाड गेलेलं. निर्मलाताई खाली बसल्या, एक झाड उपटलं, अंगठ्याच्या नखाने खोड उभं चिरलं आणि मला दाखवलं. आत काळी रेघ होती. "मर रोग. मातीतूनच येतो," त्या म्हणाल्या. तिन्ही जागांचे तिन्ही वाफे त्यांनी तसेच पाहिले. प्रत्येक वेळी खोड चिरायचं, प्रत्येक वेळी तीच रेघ... अर्ध्याहून अधिक वाफा गेला होता. शेजारी तो तीन नंबर होता. त्याचीही काही झाडं गेली होती, पण बाकीची घाटे धरून शांत उभी होती.

आईंना हे मान्य होईना. "दोन सालं तर झकास आला ना? एका सालाचा काय घेऊन बसलीस, बाय? आमी लोकांना शब्द दिलाय."

"मावशी, चांगल्या वर्षी कुठलंही बी येतं," निर्मलाताई म्हणाल्या. "लोकांना बी द्यायचं ते वाईट वर्षासाठी."

"पन तो बारका कोन घेल? त्याच्याकडं बगवत नाय."

पुढच्या आठवड्यात निर्मलाताईंनी पुन्हा त्याच बायकांना बोलावलं. आईंची बहीणही चिंचणीहून आली होती. मेलेल्या वाफ्यापाशी उभं राहून निर्मलाताईंनी सरळ सांगितलं, "हा सात नंबर तुम्ही निवडला होता. हा मी तयार केलाय. माझ्या वडिलांच्या हरभऱ्यापासून. हा तुमच्या जमिनीत टिकणार नाही, म्हणून मीच तो बाद करतेय." आवाज एकदाही हलला नाही. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. आईंनी तर पदर तोंडाला लावला. इतके दिवस त्या ज्याच्यासाठी भांडत होत्या तो कुणाचा, हे त्यांना तेव्हा कळलं.

मळणी झाल्यावर निर्मलाताई सात नंबरचं होतं नव्हतं तेवढं बी घेऊन आमच्या घरी आल्या. शेतात निघालेलं, आणि मूळचा राखून ठेवलेला डबाही. डबा आईंच्या हातात देऊन म्हणाल्या, "उसळ करा." आई डब्याकडे बघतच राहिल्या. "अगं, बेनं हाय ते..."

"म्हणूनच. मूठभर केंद्राच्या शीतगृहात आहे, पुढे कुणाला कामाला आलं तर येईल. गावात उरलं तर कुणीतरी जीव लावून पेरणार, आणि पुढच्या अशा वर्षी तिचं शेत जाणार."

हरभरा भिजला, दुसऱ्या दिवशी शिजला. ओलं खोबरं, लसूण, आईंचा हात. त्या शेत बघायला आलेल्या बायका जेवायला होत्या, काकाही होते. निर्मलाताईंनी दोनदा उसळ मागून घेतली. शेवटचा घास खाऊन म्हणाल्या, "चवीला मात्र चांगला होता हो." त्यावर आईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तेव्हा कुठे निर्मलाताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. काका ताटाकडे बघत राहिले होते... मीही.

त्यानंतर गावात गेला तो तीन नंबर, म्हणजे बारका. हे नावही बायकांनीच ठेवलं. पहिल्या वर्षी बहुतेकींनी निर्मलाताईंच्या शब्दाखातर नेला, दुसऱ्या वर्षी स्वतःहून मागायला आल्या. पामच्या शेतांतून तो कुंभवलीच्या बाजूला गेला. घरातले पुरुष कारखान्यात पाळीवर जाणारे, भातानंतर जमीन नुसती पडलेली, अशा घरांनीही एखादा तुकडा लावला. त्याचं पिठलं सात नंबरपेक्षा खमंग होतं असं आई हल्ली सांगतात, पण निर्मलाताईंसमोर त्यांनी ते कधी म्हटलं नाही.

गेल्या वर्षीपासून निर्मलाताईंच्या मूत्रपिंडांचं दुखणं वाढलं. शेतात येणं थांबलं. शेवटचं भेटले ते दसऱ्याच्या आसपास. पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. आवाज खोल गेलेला, पण चौकशी सगळी शेताची. मी म्हटलं, "ताई, जरा बऱ्या झालात की गाडीने नेते." त्या हसल्या. "मला नेऊन काय करशील? मी आता बांधावरची पाहुणी. तुम्ही दोघी आहात ना..." निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला. नखात मातीची रेघ होती, माझ्या. ती त्यांनी अंगठ्याने हळूच पुसली.

परवा, पौषातल्या एका सकाळी, काका एकटेच शेतावर आले. इतक्या वर्षांत ते फार तर रस्त्यावर गाडी लावून हॉर्न वाजवायचे. आत कधी आले नाहीत. हरभरा घाट्यावर आलाय. बांधाच्या अगदी कडेला एक झाड जोमात वाढलेलं, घाट्यांनी लगडलेलं. काका त्याच्यापाशी थबकले, वाकून त्याला हात लावला आणि म्हणाले, "काय सुंदर आलंय हो हे."

वाफ्याचा अंदाज घेताना निर्मलाताई कडेची झाडं कधी धरत नसत. कडेच्या झाडाला ऊन जास्त, जागा जास्त, ते नेहमीच गोजिरं दिसतं, त्यावरून पिकाचं काही कळत नाही. कितीही घाई असो, त्या साडी सावरत दोन ओळी ओलांडायच्या, मध्यावर जाऊन बसायच्या आणि तिथून बघायला सुरुवात करायच्या. हे मी काकांना सांगावं की नाही, असा विचार करत होते, तेवढ्यात वाफ्याच्या मधोमध बसलेल्या आईंनी मान वर केली.

"तो नका बगू, भाऊ. कडंचा हाय तो," आई म्हणाल्या. "आत या."

काकांनी चपला बांधावर काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते झाडं चुकवत, पाऊल जपून टाकत, दोन ओळी ओलांडून आत आले.