तांदळात लिहिलेलं नाव

लग्नात मी बायकोचं नाव बदललं, ही माझी चूक. ताटातल्या तांदळात अंगठीने ‘सायली’ लिहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला कुणी विचारलं नाही, मीही नाही. यमुना हे नाव मला जुनाट वाटलं होतं, एवढंच कारण.

परवा ती मेथी निवडत असताना तिच्या दादाचा फोन आला. “यमे, आवाज का बसलाय गं?” स्पीकरवरून तो म्हणाला. जुडी बाजूला ठेवून ती अशी हसली, की तसं हसू मी आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

आमची मुलगी जादूगारांच्या कादंबऱ्या वाचते. त्यांत प्रत्येकाला एक खरं नाव असतं. ते उच्चारलं की वादळ थांबतं, ड्रॅगन मान झुकवतो. ज्याचं नाव कळलं, तो ताब्यात येतो; म्हणून जादूगार स्वतःचं नाव फक्त विश्वासाच्या माणसाला सांगतो. मला हे पोरकट वाटायचं. पण बघायला गेलो तेव्हा यमुनानेही तिचं नाव मला स्वतःच सांगितलं होतं, आणि मी ते पुसून टाकलं. नव्या नावाला ती इतकी वर्षं ओ देत राहिली. ओ दिली म्हणजे माणूस पूर्ण आला, असं मी धरून चाललो.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, “यमुना, तुझं नाव बदलायला नको होतं मी.”

“मग आता आधार कार्ड बदलू?” ती म्हणाली.

“ते तू ठरव. तेव्हा तुला विचारलं नाही, त्याची माफी मागतो.”