उजवी मिशी

साहेबांनी लखोट्यावर लाख ओतायला मेणबत्ती पेटवली होती. तेवढ्यात हुसेनचाचा आपला मणी परत न्यायला आला. लखोट्यात आठ पानांचा मजकूर होता आणि मी काढलेलं एक चित्र. दुपारच्या टपालाने ते विलायतेला निघणार होतं. चाचा पाव तास उशिरा आला असता, तर माझी चूक छापून जगभर गेली असती.

मी, दत्तोबा सुतार, तेव्हा दरबारच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो. महाराजांची कारकीर्द, त्यामुळे गावात सतत काही ना काही बांधलं जात असे. कुठे शाळा, कुठे बोर्डिंग, कुठे कळंब्याच्या तलावाच्या सांडव्याची दुरुस्ती. नकाशे आमच्या टेबलावरून जायचे. सोवनीसाहेब कॉलेजात शास्त्र शिकवत. त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मायक्रोस्कोपमधून त्यांना सगळं धुरकट दिसे. म्हणून त्यांनी आमच्या वरिष्ठांकडे स्वच्छ नजरेचा आणि स्थिर हाताचा एक माणूस महिनाभर मागून घेतला. वरिष्ठांनी मला पाठवलं. त्या महिन्यात माझ्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं, हे खरं कारण.

काम होतं एका मण्याचं. मणी हुसेनचाचाचा. हुसेन मणेर मंगळवार पेठेत मणी घासून, भोक पाडून विकायचा. त्याचा धाकटा भाऊ कासीम पोट भरायला रंगूनला गेला आणि तिकडेच तापाने वारला. आजऱ्याकडचा एक माणूस तिकडून परतला, त्याच्यासोबत कासीमची तस्बी तेवढी घरी आली. तस्बी म्हणजे नमाजानंतर अल्लाचं नाव मोजायची माळ. हिचे मणी ब्रह्मदेशातल्या तृणमण्याचे होते. तृणमणी हा दगड नव्हे. फार जुन्या काळी झाडातून गळलेला डिंक जमिनीत गाडला जाऊन कडक झाला, तो हा. लोकरीवर घासला की गवताची काडी ओढून घेतो, म्हणून नाव तृणमणी. चाचा त्याला कहरबा म्हणायचा.

त्यातल्या एका मण्यात तांदळाच्या कणीएवढा भुंगेरा अडकलेला होता. पृथ्वीवर माणूसच नव्हता त्या काळी तो डिंकात चिकटला आणि तसाच राहिला. सोवनीसाहेबांना हे कुणाकडून तरी कळलं आणि ते स्वतः काठी टेकत मंगळवार पेठेत गेले. मणी मिळवायला त्यांना चार खेपा घालाव्या लागल्या. शेवटी चाचाने दोन अटी घातल्या. मणी घासायचा तर तो स्वतः घासणार, आणि काम झालं की मणी माळेत परत जाणार. साहेबांनी शब्द दिला.

घासायचं कशाला, तर गोल मण्यातून नीट दिसत नाही. गोलाईमुळे आतली वस्तू वाकडी दिसते आणि उजेड चमकतो. एका बाजूने सपाट पैलू पाडला, की खिडकीतून पाहावं तसं आत दिसतं. चाचाने ओल्या बारीक दगडावर मणी दोन दिवस घासला, खडूच्या पुडीने चमकवला आणि माझ्यासमोर ठेवला. माझं पुढचं काम पंधरा दिवस चाललं.

नवी जात जाहीर करायची तर नुसतं नाव देऊन भागत नाही. तिचं प्रत्येक अंग मोजून लिहावं लागतं, चित्र द्यावं लागतं आणि ती आधीच्या जातींहून वेगळी का, ते दाखवावं लागतं. या भुंगेऱ्याचं सगळं वेगळेपण मिशीत होतं. त्याच्या जवळच्या सगळ्या जातींच्या मिशीला अकरा पेरं असतात. मी डाव्या मिशीची मोजली, ती दहा भरली. पुन्हा मोजली. दहाच. साहेबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि बराच वेळ खिडकीशी पाठमोरे उभे राहिले. चाळीस वर्षं शिकवण्यात गेली, स्वतःच्या नावावर एक ओळ नाही, असं ते एकदा मला म्हणाले होते. ती ओळ आता लिहिली जाणार होती.

आता माझी चूक सांगतो. बांधकाम खात्यात कमान काढायची तर आम्ही मधली रेघ मारतो, डावा अर्धा भाग मन लावून काढतो, ट्रेसिंग पेपर उलटा करतो आणि उजवा अर्धा त्यावरून छापून घेतो. कमान दोन्हीकडे सारखीच असते, दुसऱ्यांदा मापं घेण्यात अर्थ नसतो. मी भुंगेरा तसाच काढला. मण्यात उजव्या बाजूला एक चीर होती, तिथे उजेड फुटायचा आणि खालचं काही दिसत नसे. मला ती अडचण वाटलीच नाही. डावा भाग काढला, कागद उलटा केला, उजवा छापला. चित्र असं देखणं झालं की मी ते घरी नेऊन आईला दाखवलं. साहेबांनी ते भिंगाखाली डोळ्याजवळ धरून पाहिलं आणि मजकुरात लिहिलं, दोन्ही मिशा दहा पेरांच्या.

तर त्या दिवशी चाचा आला. लखोटा अजून उघडा होता. साहेबांनी कौतुकाने चित्र बाहेर काढून त्याला दाखवलं. चाचाने चित्र पाहिलं, मग मणी हातात घेऊन उन्हाकडे धरला, थोडा तिरका केला आणि पुन्हा चित्राकडे पाहिलं.

"ही उजवी मिशी कुणी बगितली?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, दोन्ही सारख्याच असतात.

"न्हाय. उजवी लांब हाय. टोकाला पसरट हाय, चमच्यागत. मी सात वर्सं ह्यो मणी बोटात फिरवतोय, दत्तोबा. मला ठावं हाय."

साहेबांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मेणबत्ती जळत होती. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ शकलो असतो. चाचाच्या शब्दावर सरकारी ड्राफ्ट्समनचा शब्द भारी पडला असता, हे मला माहीत होतं. पण त्या माणसाची नजर मण्यावरून हलत नव्हती. मी म्हणालो, साहेब, उजवी बाजू मी पाहिलेली नाही, डावीवरून छापली आहे.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मग हळू आवाजात म्हणाले, "सुतार, मी तुमच्या डोळ्यांनी बघत होतो."

ते वाक्य मला आजही ऐकू येतं. त्यांनी मेणबत्ती विझवली.

उजवी मिशी पाहायची तर त्या बाजूलाही पैलू पाडावा लागणार होता, आणि तिथेच चीर होती. घासताना मणी फुटण्याची भीती होती. साहेबांनी चाचाला तसं करायला सांगितलंही नाही, विचारलंही नाही. मणी कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, शब्द दिला होता, न्या. उजवी बाजू दिसली नाही असं लिहून पाठवू. एवढ्यावर विलायतेत कुणी विश्वास ठेवणार नाही, हे त्यांना कळत होतं. एकीकडून दहा पेरं आणि दुसरीकडचं माहीत नाही, असा मजकूर कोण छापणार? चाचा मणी घेऊन गेला. मी रात्रभर तळमळत वगैरे राहिलो नाही, झोपलो. पण सकाळी कॉलेजकडे जाताना पाय ओढत नेले.

तिसऱ्या दिवशी चाचा स्वतःहून आला. सोबत घासायचा दगड, पाण्याची वाटी आणि खडूची पूड. साहेबांनी त्याला बसवलं, चहा मागवला. चाचाने चहाला हात लावला नाही. साहेब परोपरीने म्हणत होते की मणी फुटेल, नको. चाचा ऐकून घेत होता. मग बोलला.

"आमच्या धंद्यात एक रीत हाय, साहेब. चीर असलेला मणी इकायचा असला, तर गिऱ्हाइकाला आधी चिरीची बाजू दावायची. मग चांगली. माझ्या बानं मला हेच पैलं शिकवलं, कासीमला बी. ह्यो मणी कासीमचा हाय. त्याच्या मण्याची चांगली बाजू दावून चिरीची झाकलेली त्याला खपली नसती."

"आणि फुटला तर?" साहेबांनी विचारलं.

"फुटला तर फुटला. माझ्या हातानं फुटंल."

तो व्हरांड्यात उन्हाला बसला. दगड ओला करायचा, चार वेळा घासायचं, मणी डोळ्याजवळ नेऊन चीर पाहायची, पुन्हा घासायचं. मी समोर बसलो होतो. साहेब आत येरझाऱ्या घालत होते, त्यांची काठी फरशीवर वाजत होती. दुपार टळली तेव्हा पैलू पडला. चाचाने फडक्याने पुसून मणी माझ्याकडे दिला आणि म्हणाला, मोज.

मी मोजली. अकरा. अकरावं पेर पसरट, टोकाला चमच्यासारखं, चाचाने सांगितलं होतं अगदी तसं. डाव्या मिशीचं ते पेर त्या जिवाच्या हयातीतच गळून पडलं असणार. मी तिथल्या तिथे उजवी मिशी उजवीकडे पाहून काढली. तासाभराने, चित्र पुरं झाल्यावर, माळेत ओवण्याआधी चमक द्यायला चाचाने मणी खडूच्या पुडीने घासला आणि तो चिरीवर दुभंगला. आवाज अगदी बारीक झाला. साहेब आतून धावत आले.

तुकडे चाचाच्या तळहातावर होते. एकात भुंगेरा होता, शाबूत. दुसऱ्यात माळेचं भोक होतं. चाचा त्या दोन्हींकडे पाहत राहिला. त्याचे ओठ हलत होते, काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. साहेबांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग चाचाने भुंगेऱ्याचा तुकडा माझ्यासमोर ठेवला आणि दुसरा मुठीत मिटला.

"किडा तुमचा," तो म्हणाला. "भोक माझं."

साहेबांनी मजकूर नव्याने सांगितला, मी लिहून घेतला. दहा पेरांची गोष्ट गेली, पण तसं चमच्यासारखं पेर कुठल्याही ठाऊक जातीत नव्हतं. आठ महिन्यांनी उत्तर आलं. जात नवी, मजकूर छापतो, दोन मिशांमधला फरक प्रामाणिकपणे दाखवल्याबद्दल आभार. ते पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं, कारण तोवर त्यांना अक्षरं लागत नव्हती. त्या आभारावर माझा काडीचा हक्क नव्हता. नमुना आणणाऱ्याचं नाव जातीला देण्याचा रिवाज आहे, त्याप्रमाणे साहेबांनी लॅटिन नावात कासीम गुंफला होता. मी ते सांगायला मंगळवार पेठेत गेलो. किड्याला माणसाचं नाव म्हटल्यावर चाचा आधी हसला. मग दुकानाची फळी उगीचच पुसत राहिला आणि म्हणाला, कासीमला आवडलं असतं.

भुंगेऱ्याचा तुकडा चाचाच्या संमतीने एका संग्रहालयात गेला. जातीचं नाव ज्या एका नमुन्यावर टेकलेलं असतं, त्याला टाइप म्हणतात, आणि तो हवा त्याला पाहता यावा म्हणून जपून ठेवावा लागतो. दुसरा अर्धा तुकडा चाचाने तस्बीत परत ओवला. माळेत सगळे मणी गोल आणि एकच अर्धा. मी विचारलं, तिथे बोट अडत नाही का?

"अडतंय की," चाचा म्हणाला. "अडू दे. तेवढा येळ कासीम जवळ असतोय."

महिना संपल्यावर मी खात्यात परत गेलो आणि निवृत्त होईपर्यंत कमानी अर्ध्याच काढून उलट्या छापल्या. त्यात काही चूक नाही, दगड दोन्हीकडे सारखा रचता येतो. पण ज्यात कधीकाळी जीव होता अशी वस्तू पुढे आली, की मी आधी तिची चिरीची बाजू पाहतो. आणि जी बाजू दिसली नाही, तिथे कागद कोरा ठेवतो.