मोहाखालचा पाला

आमच्या गटात एक पोरगी आहे. जंगल वाचवायला आली ती कॉलेजच्या प्रमाणपत्रासाठी, असं ती स्वतःच सांगते. बाकीचे फोटोसाठी येतात आणि त्याला निसर्गप्रेम म्हणतात. घोषणा द्यायची वेळ झाली की हिला नेमकी तहान लागते. माझं भाषण रंगात आलं की म्हणते, "आटप ना भाऊ, ऊन चढून राह्यलं."

मार्चमध्ये आम्ही चिमूरकडच्या एका गावात वणव्याविरुद्ध प्रचाराला गेलो. मोहफुलं वेचायला जमीन साफ लागते. म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात आणि तीच आग जंगलात शिरते. काडीपेटी घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंना मी कायदा समजावला.

"मंग पाला कोन झाडन? तुहा कायदा?" बाई म्हणाल्या. "उद्या फुलं पडतीन. मले एकटीले होते का हे?"

मी त्यांच्या हातात एक पत्रक दिलं. पोरीने मात्र बाईंकडून झाडू मागून घेतला.

थोड्या वेळाने फोटोसाठी आम्ही बॅनर शोधू लागलो, तर 'जंगल वाचवा' लिहिलेल्या आमच्या बॅनरवर पाल्याचा ढीग घालून ती तो ओढत नेत होती.

"अगं, बॅनर आहे तो!"

"मंग? मजबूत आहे ना."

झाडाखालची जमीन साफ झाली. बाईंनी ती नीट न्याहाळली.

"इथी नाई लावत आता काडी. पण ते पलीकडचं झाडबी माहंच आहे."

पोरगी निघालीसुद्धा. बॅनर तिच्यामागे फरफटत गेला. जंगल वाचवायचं काम त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच केलं.