मास्तरांनी न विचारलेलं नाव

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतलं ते प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच नाही, तरी नोकरीतल्या सगळ्या प्रकरणांत मला तेच जास्त आठवतं. मी जन्माने त्याच गल्ल्यांतला. घरात मराठी, बाहेर तमिळ. देवनागरी मात्र निवृत्तीनंतर पुण्याच्या जावयाने गिरवून घेतली, म्हणून हे लिहू शकतो. स्वभाव पहिल्यापासून संशयी. बायको म्हणते, मी भाजीवालीचासुद्धा जबाब घेतो.

तेव्हा मी तिथल्या स्टेशनचा इन्स्पेक्टर होतो. एका बड्या नेत्याचा दौरा ठरला होता आणि आम्ही बंदोबस्तात गळ्यापर्यंत बुडालो होतो. अशा दिवसांत निनावी फोन येतातच. एका दुपारी आलेला फोन स्टेशन रायटरने, म्हणजे ठाण्यातली लिखापढी बघणाऱ्या हवालदाराने, घेतला. बोलणारा वयस्कर, तमिळ स्वच्छ, नाव सांगायला तयार नाही. त्याचं म्हणणं असं, की इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या एका मास्तरांकडे रोज संध्याकाळी माणसं जमतात. दार लावून घेतात आणि मराठीतच बोलतात. सरकार, हेर, घराघरात लावलेले कान, रातोरात नाहीशी होणारी माणसं, असलं बोलणं चालतं. एका बाईने स्वतःच्या नवऱ्याला पकडून दिलं, म्हणे.

मास्तरांचं नाव मी ओळखलं, कारण त्यांच्या मुलीची फाइल माझ्याच टेबलावर होती. तिला केंद्र सरकारच्या नोकरीची ऑर्डर आली होती, फक्त पोलीस व्हेरिफिकेशन बाकी होतं. मी प्रतिकूल शेरा मारला असता तर नोकरी गेली असती. मी ती फाइल बाजूला काढून ठेवली.

त्या संध्याकाळी वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं पांढरं धोतर, नेसून मी मास्तरांच्या खिडकीखालच्या ओट्यावर जाऊन बसलो. आतून मास्तरांचा आवाज येत होता. "उद्या त्याला नेतील. कोणी सांगितलं ते त्याला कधी कळणार नाही." मग कोणीतरी उसासा टाकला. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? उठताना झालेल्या बोलण्यात दोघांचे आवाज ओळखीचे वाटले. बाकीचे कोण ते दिसायच्या आतच सगळे मागच्या दाराने दुसऱ्या गल्लीत निघून गेले, तेव्हा संशय आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना स्टेशनला बोलावलं. मुलगी सोबत आली होती, ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

"ती गोष्ट आहे, सार," मास्तर म्हणाले; सरला तिकडे सार म्हणतात. "जुनी इंग्रजी कादंबरी. सरकार माणसाच्या मनातपण शिरतं, आणि माणसं एकमेकांची नावं देतात, अशा एका देशाची."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पूर्वी आमच्या घरांतून तिन्हीसांजेला पोथी वाचायचे. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायचं, रस्त्याचा गलका नको म्हणून दार लावायचं, शेवटी सुंडल, म्हणजे उकडून फोडणी दिलेले हरभरे, वाटायचं. आता देवनागरी वाचणारे उरले नाहीत, पण म्हाताऱ्यांची ऐकायची सवय गेलेली नाही. मास्तर इंग्रजी पानं वाचून ती घरच्या मराठीत सांगत होते.

"ऐकायला कोण कोण बसतं?"

"ते नका विचारू, सार."

"का?"

"नावं देणाऱ्यांचीच गोष्ट वाचून ऱ्हालोय. मग इथं येऊन मीच नावं देऊं?"

ज्याला लपवायचं काही नसतं तो नावं लपवत नाही, असा माझा अनुभव होता. मी फाइल त्यांच्यासमोर सरकवली. "ही तुमच्या मुलीची. हिच्यावर काय लिहू?"

ते दाराबाहेरच्या बाकाकडे बघत राहिले. डोळे भरले होते. "तुम्हांस दिसेल ते लिहा," म्हणाले. नाव एकही दिलं नाही. मला त्यांचा राग आला आणि थोडा हेवाही वाटला.

मास्तरांकडून पुस्तक मागवून मी स्वतः वाचून काढलं. त्यात पोलिसांबद्दल एकही बरा शब्द नाही. पण खिडकीखाली ऐकलेला प्रसंग सापडला, आणि नवऱ्याला पकडून देणारी ती बाईही. मास्तर खरं बोलत होते.

माझ्या डोक्यात मात्र भलतंच घोळू लागलं. आमच्या घरांची एक जुनी खोड आहे. शेजाऱ्यांच्या कानावर जाऊ नये असं जे काही असेल, मग सुनेचं गाऱ्हाणं असो की दुखणं, ते आम्ही मराठीत बोलतो. पिढ्यान् पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेल्या तमिळ शेजाऱ्यांना त्यातलं अवाक्षर कळत नाही. मग फोनवाल्याला ती बाई कुठून कळली? तो भिंतीपलीकडचा नव्हताच. तो आत बसून सुंडल खाणारा होता.

फोनवर उमटलेला नंबर रायटरने टिपून ठेवला होता. तो निघाला मास्तरांच्या बालमित्राचा, बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांचा. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी माझ्यासमोर कापीचा, म्हणजे कॉफीचा, पेला ठेवला आणि मी काही विचारायच्या आतच बोलू लागले.

"भय वाटलं, सार. त्या गोष्टींत गप्प बसणारापण सुटत नाही. आमच्यांतला कोणीतरी सांगणारच असं वाटलं. म्हणून मीच आधी सांगितलों."

"संशय कोणावर होता?"

"सगळ्यांवर. मास्तरावरपण."

"फोन केल्यावरही पुन्हा तिथे गेलात?"

"न गेलों तर माझ्यावर संशय येईल की." जरा थांबून ते हळूच म्हणाले, "पुढं काय झालं तेपण कळायला हवं होतं."

हसावं की रडावं, कळेना. मी त्यांना समज दिली, चौकशी बंद केली आणि मुलीच्या फाइलवर अनुकूल शेरा लिहून सही केली.

संध्याकाळी पुस्तक परत द्यायला मास्तरांकडे गेलो. मुलीचं काम झाल्याचं सांगितलं. त्यांनी हात जोडले. मी म्हणालो, "फोन कोणी केला तेही सांगतो. तुमचा हक्क आहे."

"नको, सार. पुस्तकाचा शेवट राहिलाय. नाव कळलं तर त्याच्या तोंडाकडे बघून वाचायला येणार नाही मला."

तेवढ्यात मंडळी येऊ लागली. बँकवालेही आले. मला पाहिलं आणि उंबऱ्यातच थबकले, मागे वळू लागले. मास्तरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आपल्या शेजारची चटई हाताने झटकली.

"ये की आत. तुझी जागा धरून ठेवलीय."

माणसं नावं कशी देतात हे मी नोकरीभर पाहिलं. बहुतेक जण द्वेषाने देत नाहीत, दुसरा आधी देईल या धास्तीने देतात. ती धास्ती घालवायला पोलिसांचा काही उपयोग नाही, हे मला त्या घरात कळलं. मास्तरांना ते नाव आधीपासूनच ठाऊक होतं, असा माझा संशय आहे. पण मी त्यांना तसं कधी विचारलं नाही.