साडेनऊचा आकडा

जनावरांचा डॉक्टर असूनही मी स्वभावाने भित्रा. नांदूरघाटच्या बाजूला एका काकूंची गाय तपासत होतो; पोटाला पीळ गाईच्या पडला होता आणि गोळा माझ्या पोटात आला होता. ऑपरेशन केलं तर वाचण्यासारखी होती, पण आतलं पोट सडलं असेल तर मुक्या जिवाचे नुसते हाल.

हे ठरवायला माझ्याकडे खिशात मावेल असं नवं यंत्र होतं. पट्टीला रक्ताचा थेंब लावला की रक्तात लॅक्टेट, म्हणजे प्राणवायू कमी पडला की साठणारं आम्ल, किती ते मिनिटाच्या आत कळतं. आकडा जितका मोठा, तितकी आशा कमी. काकू त्याला शुगरची मशीन म्हणाल्या. मीही चूक काढत बसलो नाही. आकडा बघायची मलाच घाई झाली होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली गत.

आकडा आला साडेनऊ. मी काकूंना सांगून टाकलं, गाय वाचणार नाही, उगाच पोट फाडण्यात अर्थ नाही. त्या रडल्या नाहीत. गाईच्या तोंडाचा फेस पदराने पुसत म्हणाल्या, "सकाळधरनं बसूच दिली न्हाई ओ तिला. पोट फुगलेलं जनावर बसलं की संपलं म्हणत्यात. तुमची गाडी दिसेपत्तोर बांधानं पळवतच होते."

पळालेल्या जनावराचं लॅक्टेट चढतंच. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते आणि गोठ्यात विचारायचं विसरलो होतो.

पळण्याने चढलेलं उतरावं म्हणून गाय तासभर सावलीत उभी केली. आत पीळ वाढत असेल या धास्तीने तो एक तास मला खाऊन गेला. दुसरा आकडा आला सव्वाचार. मग थांबलो नाही. कुशीला भूल देऊन उभ्या गाईचंच पोट उघडलं. आतलं पोट सुजलेलं, पण जिवंत होतं. पीळ सोडवला, टाके घातले.

संध्याकाळी गाईने शेण टाकलं तेव्हा कुठे काकूंनी चहा ठेवला. कप हातात घेतला आणि मला एक बैल आठवला. त्याच महिन्यात पाली गावच्या त्या बैलाला मी नुसता आकडा बघून ऑपरेशन नाकारलं होतं. दुसऱ्या दिवशी तो गेला. मी गोठ्यातूनच त्याच्या मालकाला फोन लावला आणि विचारलं, मी यायच्या आधी बैल चालवला होता का.

"व्हय की," तो म्हणाला. "पार धरणापत्तोर पळवत नेलता. का ओ?"