कागद दाखवा, साहेब

पुसदकडच्या ज्या बालगृहात मी वाढले, त्याला सगळे अनाथाश्रम म्हणत. मला त्या शब्दाचा राग यायचा, कारण मी अनाथ नव्हते. कापसाच्या त्या वाईट वर्षांत बाबा गेले, आईचं दुसरं लग्न लावून दिलं आणि त्या घरात मला जागा नव्हती, एवढंच. दर महिन्याला आई दिग्रसहून एसटीने यायची. बालगृहाच्या ओसरीवर बसून आम्ही दोघी तिने आणलेली भाकर खायचो.

इमारत इंग्रजांच्या काळातली, काळ्या दगडाची. मुळात दवाखाना म्हणून बांधलेली. भिंती हातभर जाड. मागच्या दोन खोल्या मात्र पावसात गळायच्या.

मी दहावीत असताना, दिवाळीनंतर, संस्थेचे अध्यक्ष आले. इमारत धोकादायक ठरली आहे, आठ दिवसांत मुलींना वेगवेगळ्या जिल्ह्यांत पाठवू, असं सांगून निघून गेले. माझ्या वाट्याला गोंदिया आलं होतं. तिथवर आई कशी येणार? आमचा स्वयंपाक करणारी मावशी, जिने मला लहानाचं मोठं केलं, ती एवढंच म्हणाली की जागा हमरस्त्याला लागून आहे, कोणाच्या तरी डोळ्यांत भरली असेल.

आठव्या दिवशी सकाळीच गाडी आली. आम्ही पेट्या भरल्याच नव्हत्या. सगळ्या मुली ओसरीवर बसून राहिलो, आणि मावशी दारात फतकल मारून बसली. अध्यक्षांबरोबर एक सरकारी अधिकारी होते. मी उठून त्या अधिकाऱ्यांसमोर गेले.

“इमारत पडाले आली असं लिहिलेला कागद मले दाखवा, साहेब.”

मुलींना कागद दाखवायची पद्धत नाही, असं अध्यक्ष म्हणाले. साहेबांनी मात्र फाईल पुढे केली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. मागच्या दोन खोल्या छत दुरुस्त होईपर्यंत वापरू नयेत, असं इंजिनिअरने लिहिलं होतं. बाकी इमारत राहण्यास योग्य.

साहेबांनी तो कागद स्वतः पुन्हा वाचला, अध्यक्षांकडे एकदा बघितलं आणि गाडी रिकामीच परत पाठवली.

मागच्या खोल्यांतल्या मुली पुढच्या दालनात आल्या. दाटीवाटीने झोपलो, भांडलोही. पण परीक्षा मी तिथूनच दिली, आणि उन्हाळ्यात छतही दुरुस्त झालं.

किंमत मावशीला मोजावी लागली. मुलींना भडकवल्याची माफी लिहून दे, नाहीतर काम सोड, असं अध्यक्षांनी तिला बजावलं. तिला लिहिता येत नव्हतं. मी लिहून देते म्हणून वही काढली, तर तिने माझा हात धरला.

“कायले लिवतं? आपलं काय चुकलं?”

तिने काम सोडलं. पुढे नोकरी लागल्यावर मी तिला माझ्या घरी आणलं. लोक विचारतात, ही तुमची कोण? मी आई म्हणते. दोन आया असणाऱ्या मुलीला कोणी अनाथ म्हणून दाखवावं.