थंड भाड्याची खोली

जर्मनीत एकट्या बाईला महिना काढायला सहा क्विंटल हळद लागते.

खायला नाही, खर्चाला! आमच्या कुरुंद्यात मोठ्या खर्चाचा हिशेब हळदीतच होतो. नवी मोटारसायकल कितीला पडली असं विचारलं, तर माणूस रुपये सांगत नाही. "आठ क्विंटल गेली" म्हणतो आणि सुस्कारा सोडतो. त्यामुळे मला जर्मनीतल्या एका लहानशा गावच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, तेव्हा तिथलं बजेटही आमच्या ओसरीवर बसून हळदीतच निघालं. एक युरो म्हणजे पाऊण किलो. तिकडे केस कापायला चाळीस युरो पडतात हे ऐकून अण्णा, म्हणजे माझे वडील, बसल्या जागेवरून उठलेच.

"तीस किलो हळद? केस कापायला? येणी घाल आन् गप बस!"

मला परदेशी पाठवायला घरात एकटे अण्णा तयार होते, आणि विरोधात एकटी आत्या होती. पण आत्या एकटी म्हणजे शंभरांच्या बरोबर. तिचं वारंगा फाट्यावर चहा-भज्यांचं हॉटेल आहे. तिथं बस थांबते आणि बातमी सुटते. शिवाय तिनं माझ्यासाठी पुसेगावचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. (मुलाकडे दोन जेसीबी. आत्या फोटोही जेसीबीचाच दाखवायची.) दोघा बहीण-भावांची चार दिवस जुंपली आणि शेवटी अण्णांनी निकाल दिला.

"एक साल. एकटीनं, आपल्या पगारात ऱ्हाऊन दाखव, वर्षे. घरून एक रुपया मागायचा न्हाई. जमलं तर तू बी तिथंच ऱ्हा, आन् पल्लीलाबी धाडतो. न्हाई जमलं तर वापस यायचं आन् पुसेगाव."

वर्षा म्हणजे मी, आणि पल्ली म्हणजे माझी धाकटी बहीण पल्लवी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली. तिनं उंबऱ्यातून माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी त्याच क्षणी वहीत केस कापण्याच्या रकान्यावर काट मारली.

खरी कमाल केली ती खोली निवडताना. हॉस्पिटलनं पाठवलेल्या यादीत एकाच खोलीपुढे दोन भाडी लिहिली होती. मी जर्मन भाषेची परीक्षा पास झालेली! ऐटीत भाषांतर करून सांगितलं, "हे थंड भाडं, तीनशे ऐंशी. आन् हे गरम भाडं, पाचशे तीस."

"गरम खोलीला जास्त पैशे?" अण्णा म्हणाले. "आपल्याकडं तर कूलरच्या खोलीला जास्त भाडं पडते! उलटीच अक्कल हाय तिकडं."

"थंडच घे बाई," माय म्हणाली. "इथं मे महिन्यात जीव जाऊन राहिला नुसता."

मी थंड भाडं लिहून दिलं. वर्षाला साडेतेरा क्विंटल हळदीची बचत! अण्णांनी त्या संध्याकाळी गल्लीत चौघांना थांबवून सांगितलं, की पोरगी हिशेबाला पक्की आहे.

मी जर्मनीत उतरले, खोलीवर पोचले, तर खिडकीखाली चक्क हीटर! थंड भाड्यात हीटर फुकट! माझा आनंद साधारण दोन मिनिटं टिकला. मग घरमालकीण फ्राऊ श्मिट (फ्राऊ म्हणजे बाई), सत्तरीच्या आणि स्वभावानं मऊ, यांनी मला समजावलं, की थंड भाडं म्हणजे थंड खोलीचं भाडं नव्हे. हीटरचा खर्च न धरता जे भाडं होतं ते थंड भाडं. हीटर जेवढा चालवाल तेवढं बिल वेगळं. (हा धडा आमच्या पुस्तकात होता. मी तो ऑप्शनला टाकला होता.)

मग काय करायचं? सोपं होतं. हीटरला हातच लावायचा नाही!

ऑक्टोबर मी एका स्वेटरवर काढला. नोव्हेंबरात दोन स्वेटर, कानटोपी आणि तीन मोजे. खोलीत श्वास सोडला तरी तोंडातून वाफ निघायची. पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके उमटू लागले. मला वाटलं, जुना रंग वर येत असेल. घरून फोन आला की मी आधी कानटोपी काढायची आणि मग हसून सांगायची, "एकदम मस्त हाय!" अण्णा खूश, पल्ली खूश. फक्त माझ्या अंगाला भेगा पडायला लागल्या. गाल, हात, कोपरं, सगळं उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखं फाटलं.

दुकानात क्रीमची डबी बघितली. बारा युरो. म्हणजे नऊ किलो! मी दुकानातच ठरवलं, की नऊ किलो हळद देऊन बोटभर क्रीम लावण्यापेक्षा सरळ हळदच लावू. मायनं बॅगेत दोन किलो कोंबलेलीच होती.

महिनाअखेरीच्या एका शुक्रवारी मला सुट्टी होती. आदल्या आठवड्यात फ्राऊंनी ती भिंत बघितली होती, हीटर बिघडला असणार असं स्वतःच ठरवून मिस्त्री बोलावला होता आणि दुरुस्तीचा खर्च दोघींत निम्मा वाटून घेऊ म्हणाल्या होत्या. "मी हीटर लावतच नाही" असं सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी मान डोलावली. मिस्त्री शुक्रवारी दहाला येणार होता. मी आपल्याकडच्या सवयीनं दहा म्हणजे अकरा धरलं. नऊ वाजता हळद आणि तेल कालवून तोंडाला, मानेला, हातांना चोपडलं. कपडे खराब होऊ नयेत म्हणून मायची जुनी पिवळी साडी अंगाभोवती गुंडाळली आणि हळद मुरायची वाट बघत बसले.

जर्मनीत दहा म्हणजे दहाच! बेल वाजली, मी दार उघडलं. समोर दाराच्या चौकटीएवढा उंच, सोनेरी दाढीचा मिस्त्री, हातात अवजारांची पेटी. मागे फ्राऊ, त्याच्यासाठी कॉफी आणि केकची ताटली घेऊन. मला बघताच फ्राऊ किंचाळल्या, "कावीळ!" मी स्वतः नर्स, मला कावीळ नाही हे त्यांना पटवता पटवता घाम फुटला. (दोन महिन्यांत पहिल्यांदाच!) मिस्त्री मात्र सभ्य माणूस. त्यानं खाली मान घातली आणि हीटर गाठला.

आणि नेमका तेव्हाच घरून व्हिडिओ कॉल आला. इंटरनेटचा पॅक मी सगळ्यात स्वस्त घेतलेला, त्यात महिन्याचा शेवट. आवाज तुटत होता, चित्र थांबत होतं. पण अण्णा दिसले आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावणारी आत्याही दिसली.

"वर्षे, हे तोंडाला काय लावलंस?"

"हळद!"

"कोणी लावली?"

"मीच लावली. इथं कोण लावायला येतंय, अण्णा?"

आत्यानं पदर तोंडाला लावला.

"आन् मागं ह्यो लंबा माणूस कोण उभा हाय?"

"अण्णा, तो हीटर बघायला आलाय!"

आता ह्यातला 'ही' नेमका नेटवर्कनं खाल्ला. आणि मराठीत ह्या वाक्याचं असं आहे, की मुलीच्या खोलीत उभा असलेला परका माणूस 'बघायला आलाय' म्हटलं, की पुढचं सगळं आपोआप कळतं.

"पीटर?" अण्णा म्हणाले. मला फक्त "ईटर" ऐकू आलं.

"व्हय, व्हय! तोच! दोन महिने मी तुमाला बोलले न्हाई, पण लई तकलीफ होती. थंडीत एकटीनं न्हाई निभत हो. शेवटी मालकिणीनंच ह्याला बोलावलं."

"म्हंजे मधी मालकीण हाय," आत्या पुटपुटली.

"मंग?" अण्णांचा आवाज बसला होता. मला वाटलं, नेटवर्क. "जमलं का?"

"आजच जमून जाईल म्हणतो!"

"आन् खर्च?"

"निम्मा-निम्मा!"

"मानपान काही?"

"काहीच न्हाई. कॉफी आन् केक!"

इथं पॅक संपला. पाच युरो टाकले असते तर लगेच पुन्हा फोन लावता आला असता. पण पाच युरो म्हणजे पावणेचार किलो! तीन दिवसांनी, एक तारखेला, नवा पॅक आपोआप सुरू होणार होता. आणि बोलणं तर सगळं झालंच होतं की!

मिस्त्रीनं हीटर तपासला. मग तपासायचं थांबवून बाजूचा गोल खटका फिरवला. पाच मिनिटांत खोली कुरुंद्यासारखी उबदार झाली. त्यानं फ्राऊंकडे पाहिलं, फ्राऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी केककडे पाहिलं. काळे ठिपके म्हणजे बुरशी होती. खोली दोन महिने गारठवल्यामुळे ती भिंतीत आतपर्यंत गेली होती. भिंत खरवडून पुन्हा करायचा खर्च नऊशे युरो, आणि चूक माझी असल्यामुळे तो निम्मा नाही, सगळा माझ्यावर. पावणेसात क्विंटल! साठवलेलं सगळं घातलं तरी निम्मेच पैसे होत होते. उरलेले घरूनच मागावे लागणार होते. त्या उबदार खोलीत मी पिवळ्या तोंडानं हमसून रडले. माझं पुसेगाव नक्की झालं होतं, आणि माझ्यासोबत पल्लीचंही सगळं संपलं होतं.

एक तारखेला पॅक सुरू झाला आणि फोन थरथरायला लागला. सगळे पल्लीचे मेसेज.

"ताई, खरं हाय का??"

"ताई, आत्यानं पुसेगावला न्हाई म्हणून कळवलं. म्हणली, पोरीला हळद लागली."

"ताई, वारंग्याला आत्यानं एका बसला फुकट चहा पाजला."

"ताई, भाऊजी ज्वारीची भाकर खातात का? माय रडून राहिली."

"अण्णांनी फेटा आणलाय. भाऊजींच्या डोक्याचं माप पाठव."

आणि शेवटचा: "ताई, अण्णा दोन दिवस झाले नीट जेवून न्हाई राहिले."

मी फोन लावला. अण्णा ओसरीवरच बसले होते, धुतलेला सदरा घालून. बाकी सगळे त्यांच्या मागे उभे.

"अण्णा, ऐका ना..."

"मीच बोलतो," अण्णा म्हणाले. "तू पसंत केलंस, ठीक हाय. दुनिया बदलली. बापाला आधी सांगितलं न्हाई, तेवढं मनाला लागलं. पण पोरगं कामाचं हाय का, ते सांग."

"अण्णा, तो मिस्त्री हाय."

"मिस्त्री?" त्यांचा चेहरा जरा उजळला. "इहिरीवरची मोटार बघंल का?"

मला तेव्हा हसावं की रडावं कळेना. हा माणूस तीन दिवस न जेवता मनाची तयारी करत होता, एका अनोळखी दाढीवाल्याला जावई म्हणायची! मी दोन्ही केलं आणि ओरडले, "अण्णा, पीटर न्हाई, हीटर! हीटर! खोली गरम करायची मशीन! ती बघायला मिस्त्री आलता!"

ओसरीवर मागून आत्याचा आवाज आला, "अगं बाई! मशीनीसाठी म्या पुसेगाव मोडलं?"

मी सगळं सांगून टाकलं. थंड भाडं, तीन मोजे, क्रीमची डबी, भिंत. आणि शेवटी, अट मोडून, पैसे मागितले.

"किती?"

"सव्वातीन क्विंटलपेक्षा जरा जास्त, अण्णा."

अण्णांनी डोळे मिटून मनात आकडा फिरवला.

"ह्याच्यापरीस पीटर सस्ता पडला असता," ते म्हणाले, आणि इतके हसले की ठसका लागला. माय पाणी आणायला धावली.

पैसे आले. भिंत पांढरी झाली. अटीप्रमाणे मी परत यायला हवं होतं, पण परत येऊन करणार काय? पुसेगावच्या मुलानं पंधरा दिवसांत दुसरीकडे लग्न उरकलं होतं, आणि तो नकार आत्यानंच कळवलेला असल्यामुळे तिला बोलायलाही तोंड राहिलं नव्हतं. मी जर्मनीतच राहिले. हीटर लावून.

पल्लीचं काय होणार याची मात्र मला झोप लागू न देणारी काळजी होती. माझ्या करामतीची शिक्षा तिला नको होती. शेवटी परवा तिचा फोन आला. अण्णांनी तिलाही जर्मनीला जायची परवानगी दिली! मी आनंदानं उडालेच. म्हटलं, "पल्ले, वही काढ, तुझं बजेट मी आताच करून देते!"

ती हळूच म्हणाली, "ताई, अण्णांनी एकच अट घातली हाय. तुला काही इच्यारायचं न्हाई."